छत टाकलं तरी पावसाळ्यात कोथिंबीर लोळते: कारणं आणि उपाय

जून उजाडला की एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. धने पेरले, छान उगवले, वरून प्लास्टिक टाकलं, पावसाचा थेंब आत येत नाही, तरी आठवड्या-दीड आठवड्यात रोपं माना टाकतात. परत पेरावं तर परत तेच. बरं, गरज नेमकी याच दिवसांत असते. नाशिककडचा माल पावसात झोडपला जातो, वाशीच्या बाजारात आवक घटते, आणि एरवी भाजीवर फुकट मिळणारी कोथिंबीर भाजीवाला काडी काडी मोजून देऊ लागतो.

थेट मुद्द्यावर येते. मुंबईत छताखालची कोथिंबीर पावसानं क्वचितच मरते. ती मरते कोंडलेल्या हवेनं आणि न वाळणाऱ्या मातीनं. छत पाणी अडवतं खरं, पण त्याबरोबर वाराही अडवतं आणि उजेडही. गरम पोळ्यांच्या डब्याला घट्ट झाकण लावलं की आतून घाम सुटतो, तसंच या प्लास्टिकखाली होतं. म्हणून खालचे बहुतेक उपाय छताबद्दल आणि पाण्याबद्दल आहेत, औषधांबद्दल फारच थोडे.

एक गैरसमज आधी बाजूला करू. "मुंबईची हवा गरम, इथे कोथिंबीर यायची नाही" असं सर्रास म्हणतात. कोथिंबिरीला 20 ते 25 अंशांची हवा मानवते हे खरं. पण सांताक्रूझचा जुलै पाहा: दिवसा 30 अंशांच्या आसपास, रात्री 25. मे किंवा ऑक्टोबरच्या मानानं हा महिना कोथिंबिरीला पुष्कळ सोसवतो. खरी अडचण दमटपणाची. हवेत दिवसरात्र 80-90 टक्के आर्द्रता, एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आठवडाभर ऊन नाही असंही होतं. पान आणि माती, दोन्हींना वाळायला उसंतच मिळत नाही. बुरशीला आणखी काय हवं?

आधी एक रोप उपटा

औषध विचारण्याआधी लोळलेलं एक रोप मुळासकट हळूच उपसा आणि खिडकीपाशी नेऊन नीट बघा. अर्ध्याहून जास्त निदान इथेच होतं.

देठ मातीला टेकतो तिथे बोट ठेवा. तिथला भाग पाणी भरल्यासारखा, तपकिरी आणि दोऱ्याइतका बारीक झालेला असेल, आणि वरची पानं मात्र अजून हिरवीच असतील, तर ही रोपमर. पिथियम आणि रायझोक्टोनिया या मातीतल्या बुरशींचं हे काम. आता मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. वरची साल पायमोजा निघावा तशी सुटून आली आणि आत नुसता पांढरा दोरा उरला, तर मूळ कुजलंय, आणि त्याला कारण ओल. निरोगी मूळ पांढरट असतं, ओढल्यावर ताण देतं आणि त्याला धन्याचा सौम्य वास येतो. कुजलेल्याला डबक्याचा येतो.

देठ घट्ट आहे, मूळ पांढरं आहे, पण रोप बारीक, फिकट आणि उंचच उंच होऊन आडवं झालंय? मग रोग नाही, उजेड कमी पडतोय. कोथिंबिरीची पहिली दोन पानं लांबट, चिंचोळी असतात, कोथिंबिरीची वाटतच नाहीत. मग कातरलेल्या काठाचं, पंख्यासारखं खरं पान येतं. त्या खऱ्या पानापर्यंत पोचायच्या आत रोप चार बोटं वाढलं असेल तर ते उजेड शोधत वर धावतंय असं समजा.

देठ मातीजवळ कापल्यासारखा तुटलाय, रोप बाजूला पडलंय किंवा गायबच आहे, आणि कुंडीच्या काठावर चकचकीत वाळकी रेघ दिसते? ती गोगलगाय. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा, कुंडीच्या बुडाखाली सापडेल. उचलायची आणि मिठाच्या पाण्यात टाकायची. हातात प्लास्टिकची पिशवी घाला, नुसत्या हातानं धरू नका.

चौथी शक्यता फसवी आहे. रोपं एकदम लोळत नाहीत, पण महिना झाला तरी चार बोटांच्या वर जात नाहीत आणि पिवळी दिसतात. कुंडीला धक्का दिला की बारीक काळी चिलटं उडतात. त्यांच्या अळ्या ओल्या कंपोस्टमध्ये राहतात आणि कोवळी मुळं कुरतडतात. मातीच्या वर अर्धा इंच जाड रेतीचा थर द्या, वरचा पदर कोरडा होऊ द्या, एखादं पिवळं चिकट कार्ड टांगा. पण चिलटं आली म्हणजे माती सतत ओली आहे, आणि मूळ इलाज पुढच्या परिच्छेदांतच आहे.

माती: लाल मातीचा चिखल आणि कोकोपीटचा स्पंज

मुंबईत कुंडी भरायला दोनच गोष्टी हाताशी असतात. एक, नर्सरीतून पोत्यानं मिळणारी लाल माती. दुसरी, कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, दाबून केलेली वीट. नुसती लाल माती पावसाळ्यात दाबून बसते, वरून चिकट कवच धरते आणि खाली पाणी मुरू देत नाही. नुसतं कोकोपीट उलट टोकाचं: एकदा भिजलं की या हवेत दिवस दिवस ओलंच राहतं. उन्हाळ्यात जो गुण वाटतो तोच जुलैत घात करतो. शिवाय न धुतलेल्या विटेत क्षार असतात, त्यानं पानांची टोकं करपतात आणि माणूस रोग समजून औषधाच्या मागे लागतो. वीट भिजवल्यावर दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्या.

पावसाळ्यासाठी माझं मिश्रण असं: दोन भाग माती, एक भाग चाळलेलं गांडूळखत किंवा जुनं शेणखत, आणि एक भाग जाड रेती किंवा विटांचा चुरा. भाताचं तूस मिळालं तर रेतीची अर्धी जागा त्याला द्या. कोकोपीट घालायचंच असेल तर मातीचा एक भाग कमी करून घाला. मूठभर मिश्रण ओलं करून दाबा: हलकं डिवचल्यावर गोळा फुटला पाहिजे. लाडवासारखा टिकला तर रेती वाढवा.

कच्चं खत मात्र अजिबात नको. अर्धवट कुजलेल्या स्वयंपाकघरातल्या कंपोस्टमध्ये रोपमरीची बुरशी सुखानं नांदते. ज्यांच्या बाल्कनीत कंपोस्टचा ड्रम आहे त्यांच्याकडे ही तक्रार जास्त येते, हे मी वारंवार पाहिलंय. घरचं खत वापरा, जरूर वापरा, पण त्याला मातीचा वास येईपर्यंत थांबा.

भांडं कुठलंही चालेल. फळवाल्याकडचा थर्माकोलचा खोका उत्तम: सहा इंच खोल, हलका, आणि फुकट. कोथिंबिरीचं मूळ सोटमूळ असतं, सरळ खाली जातं, त्यामुळे चार इंचांच्या उथळ ट्रेमध्ये पावसाळ्यात ते नेमकं साचलेल्या पाण्यात जाऊन बसतं. खोक्याच्या तळाला अंगठा जाईल एवढी आठ-दहा भोकं पाडा. मग खोका थेट लादीवर ठेवू नका. बाल्कनीची लादी पावसाळ्यात कायम ओली असते, भोकं तिला चिकटतात आणि निचरा थांबतो. दोन विटांवर उचलून ठेवा. एवढ्या एका गोष्टीनं निम्म्या घरांतली तक्रार मिटावी.

पाणी: बाहेर धो धो, आत तरीही झारी

छताखाली पाऊस येत नाही म्हणून लोक उन्हाळ्याच्या सवयीनं रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात. पण दमट हवेत माती वाळतच नाही. जुलैत छताखालच्या खोक्याला दोन-तीन दिवसांआड पाणी पुरतं, सलग झड असली तर चार दिवसही चालतं. तारखा लावून पाणी देऊ नका, वजनावर द्या. पाणी देऊन निथळल्यावर खोका एकदा उचलून बघा, हाताला अंदाज येतो. तो निम्म्यानं हलका लागला की पाणी. वरचा पेरभर थर कोरडा दिसला म्हणून घाबरू नका, तो कोरडा हवाच आहे. मातीवर हिरवं शेवाळ धरलं असेल तर तुम्ही जास्त पाणी घालताय, याहून उघड खूण नाही.

पाणी सकाळी द्यायचं, आणि पानांवर नाही. संध्याकाळी झारीनं न्हाऊ घातलेली पानं रात्रभर ओली राहतात. ओळींच्या मधून बारीक धारेनं किंवा खालच्या ताटलीतून द्या. ताटलीतून दिलंत तर पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पाणी ओतून टाका. मुंबईत याला आणखी एक कारण आहे: ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि पालिकेचे कर्मचारी तपासायला आले की पहिल्यांदा कुंड्यांच्या ताटल्याच बघतात.

आता छत

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिली चूक निळ्या ताडपत्रीची. मुंबईत पावसाळा आला की सगळी इमारत निळी होते, त्यामुळे हाताशी असलेली ताडपत्रीच कुंड्यांवरही जाते. ती पाणी अडवते आणि जवळपास सगळा उजेडही अडवते. पावसाळी ढगांखाली भर दुपारीही उजेड लख्ख उन्हाच्या पाव हिश्श्यावर किंवा त्याच्याही खाली आलेला असतो. त्यातून ताडपत्री लावली तर खाली कोथिंबीर नाही, फक्त अळंबी यायची.

दुसरी चूक हिरव्या शेडनेटची. उन्हाळ्यात 50 टक्क्यांची नेट बांधलेली असते, ती तशीच ठेवून तिच्यावर प्लास्टिक चढवतात. नेट पाऊस अडवत नाही, थेंब गाळून खाली सोडते एवढंच. आणि प्लास्टिकबरोबर ती राहिली की उरलेला उजेडही निम्मा. जूनच्या पहिल्या आठवड्यात नेट उतरवून घडी घालून ठेवायची. हवामान खात्याच्या हिशेबानं मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला येतो आणि 8 ऑक्टोबरच्या सुमारास परततो. तेवढे चार महिने फक्त पारदर्शक छत.

पारदर्शक म्हणजे पॉलिहाउससाठी मिळणारं, अतिनील किरणांना टिकणारं 200 मायक्रॉनचं प्लास्टिक. हार्डवेअरच्या दुकानातलं साधं पातळ प्लास्टिक एका मोसमात पिवळं पडून तडकतं. खिडकीच्या ग्रिलवरचा फायबरचा पत्रा चालतो, पण तो जुना होऊन दुधी झाला असेल तर बदला. आणि ऑगस्टमध्ये एकदा कापडानं पुसून काढा, कारण तोवर त्यावर शेवाळ आणि गाड्यांची काजळी मिळून बरा जाड थर बसलेला असतो.

आता उंची आणि बाजू. गच्चीवर सांगाडा करणार असाल तर उंच बाजू सात फूट आणि खालची पाच फूट ठेवा, म्हणजे उतारही मिळतो आणि गरम दमट हवा वरच्या बाजूनं निसटते. पावसाळी वारा आपल्याकडे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, तेव्हा खालची बाजू पश्चिमेला. तिरका पाऊस तिथे अडतो. त्या बाजूला हवं तर कमरेएवढा पडदा सोडा. पूर्व आणि उत्तर बाजू पूर्ण उघड्या. चारही बाजूंनी बंद केलेलं सुबक हरितगृह थंड देशांतल्या फोटोत शोभतं. इथे त्याच्या आतल्या बाजूला सकाळी पाण्याचे थेंब लोंबतात आणि रोपांवर टपटप पडतात, म्हणजे पाऊस अडवून आपणच दुसरा पाऊस तयार केला. प्लास्टिक ताणून बांधा, नाहीतर मध्ये पाण्याचा फुगा धरतो आणि एका रात्रीत सगळं खाली येतं. सोसायटीच्या गच्चीवर काही उभारायचं तर आधी विचारा, आणि खांबासाठी लादीत भोक पाडू नका. वाळूनं भरलेले डबे बुडाशी ठेवून खांब उभे करा.

बाल्कनीत किंवा ग्रिलमध्ये गणित वेगळं आहे. तिथे छत आयतंच असतं, वारा नसतो. खोके भिंतीला टेकवू नका, वीतभर जागा सोडा. दोन खोक्यांतही तेवढीच. कडेला, जिथे हवा खेळते तिथे ठेवा. हवा अगदीच कोंडत असेल तर खोलीतून एखादा टेबल फॅन मंद गतीवर तिरका सोडा, पानं जेमतेम हलतील एवढाच. पहाटे दोन-तीन तास पुरेत. वायर ओल्या बाल्कनीत लोंबू देऊ नका, पंखा घरातच राहू दे.

आमच्या इमारतीतले एक काका पश्चिमेच्या बाल्कनीत तीन बाजूंनी प्लास्टिक गुंडाळून बसले होते. "अगं, पाऊस थेट आत येतो, काढू कसं?" मी म्हटलं, "काका, पश्चिमेचं राहू दे, बाजूची दोन्ही काढा." त्यांनी कुरकुरत काढली. पुढच्या पेरणीला रोपं उभी राहिली. पश्चिमेचं प्लास्टिक मात्र अजून जिथल्या तिथे आहे, आणि असू दे.

पावसाळ्याबाहेरचं थोडक्यात. ऑक्टोबरच्या उकाड्यात प्लास्टिक काढा, दुपारपुरती 35 ते 50 टक्क्यांची नेट लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वर काहीही नको. आळसानं राहिलेलं छत थंडीत फक्त भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, वाढवतं. मार्चपासून पुन्हा नेट, शक्यतो पांढरी, तिच्याखाली ऊब कमी धरते.

उजेड कमी म्हणून पिवळी, आणि वरून युरिया

लांबट, फिकट रोपं दिसली की काहीजण चिमूटभर युरिया टाकतात. कृपा करून नको. उजेड नसताना नत्र मिळालं की देठ आणखी पोकळ, आणखी लुसलुशीत होतो, आणि बुरशीला मेजवानी. आधी खोका उजेडाकडे सरकवा. तळमजल्यावर किंवा दोन इमारतींच्या बोळात तोंड करून बाल्कनी असेल तर 18-20 वॉटची साधी पांढरी एलईडी पट्टी रोपांच्या वर दीड वीत उंचीवर बांधा आणि रोज दिवसाच्या उजेडासकट बारा तास भरतील इतकीच लावा. रात्रभर लावून ठेवली तर दिवस मोठा झाला असं समजून कोथिंबीर फुलायच्या मार्गाला लागते.

जिथे हेही जमणार नाही, तिथे मी सरळ सांगते: पावसाळ्यापुरता कोथिंबिरीचा नाद सोडा. लांब, करवती काठाच्या पानांची एरिंजियम जातीची कोथिंबीर काही नर्सऱ्यांत मिळते. वास कोथिंबिरीचाच, जरा उग्र. तिला सावली आणि दमट हवा दोन्ही चालतात. आमटीत कुणाला फरक कळत नाही. वरून पेरायला मात्र ती जाड लागते.

पेरताना टळणारे घोटाळे

कोथिंबीर रोप करून उचलून लावू नका, जिथे वाढायची तिथेच पेरा. धना म्हणजे दोन बियांची जोडी. लाटण्याखाली किंवा चपलेखाली हलकेच रगडून दोन फाका करा, पीठ नको. मग रात्रभर पाण्यात, सकाळी निथळून फडक्यात. चोवीस तासांपेक्षा जास्त भिजवले तर आंबूस वास येतो आणि तसे धने मातीत कुजतातच.

वाण्याकडचे धने उगवतात का? बरेचदा उगवतात. पण मुंबईच्या हवेत डब्यात वर्षभर पडलेल्यांचा भरवसा नाही. ओल्या टिश्यूत दहा धने गुंडाळून डब्यात ठेवा, दहा-बारा दिवसांत सहाच्या खाली उगवले तर आमटीला वापरा. बियाण्याचं पाकीट घेतलंत आणि बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक लावलेलं आहे. ते स्वयंपाकघरात ठेवू नका. उरलेलं बी घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये. वाण निवडायची संधी असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं "कोकण कस्तुरी" आपल्या पट्ट्यासाठीच काढलेलं आहे. बेंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेचं "अर्का ईशा" उशिरा फुलतं आणि अनेकदा कापता येतं, ते उन्हाळ्यात कामाला येतं.

मूठभर धने भिरकावायची सवय पावसाळ्यात महागात पडते. दाट रोपांच्या मधून हवा जात नाही, एक कोलमडलं की बुरशी टिचकीसरशी शेजाऱ्यावर जाते आणि दोन दिवसांत खोक्यात टक्कल पडलेला गोल दिसतो. वीतभरापेक्षा जरा कमी अंतरावर ओळी पाडा, ओळीत बोटाच्या रुंदीवर एक फाक, वर जेमतेम अर्धा इंच माती. पेरण्याआधी भिजवलेल्या बियांना ट्रायकोडर्मा पावडर लावा, ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी. शेतकरी किलोला 4 ते 5 ग्रॅम लावतात, आपल्या दोन चमचे धन्यांना चिमूटभर खूप झाली. कृषी सेवा केंद्रात मिळते, मुदत बघून घ्या कारण ती जिवंत बुरशी आहे. ती रोगाआधी लावायची गोष्ट आहे, लोळलेलं रोप ती उठवत नाही. आणि तिच्याबरोबर रासायनिक बुरशीनाशक वापरलंत तर बरेचदा ती वाया.

हळद, दालचिनीची पूड, राख हे सगळं मातीवर भुरभुरलेलं मी पुष्कळ घरांत पाहिलंय. वरचा थर कोरडा राहायला थोडी मदत होत असेल. त्यापलीकडे माझा विश्वास नाही.

टक्कल पडायला लागलंच तर त्या भागातली रोपं आणि भोवतालची दोन बोटं माती चमच्यानं काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. पाणी दोन-तीन दिवस बंद. खोका वाऱ्याला. बाकीची रोपं तीन आठवड्यांची झाली की देठ टणक होतो आणि धोका बराच ओसरतो.

मोठ्या रोपांचे रोग, पटकन

पानांवर शिरांच्या मध्ये अडकलेले, कोनदार, तेलकट डाग. उजेडाकडे धरले की आरपार दिसतात, मग काळे पडतात. हा जिवाणूजन्य करपा. तो बियाण्यातून येतो आणि उडत्या पाण्यानं पसरतो. छत असलेल्यांना तो कमी होतो, वरून झारी मारणाऱ्यांना छत असूनही होतो. डागाळलेली पानं काढा, पानं ओली असताना हात लावू नका, त्या झाडांचं बी धरू नका.

पांढरी पिठूळ बुकटी म्हणजे भुरी. धो धो पावसात ती फारशी नसते, डिसेंबर-जानेवारीत दिवस कोरडा आणि रात्र गार दमट असली की येते. छत काढणं हा पहिला इलाज.

मावा कोवळ्या शेंड्यांखाली गर्दी करतो. पाण्याचा फवारा, तोही सकाळी. नाहीच गेला तर लिटरला 5 मिलिलिटर कडुनिंब तेल साबणाच्या थेंबात मिसळून, उन्हं उतरल्यावर. ही एकच वेळ अशी की पानं संध्याकाळी ओली होतील, म्हणून पंखा लावून वाळवा. सव्वा-दीड महिन्यात कच्चं खायचं पान आहे, याहून कडक औषधाच्या भानगडीत घरच्या खोक्यासाठी मी तरी पडत नाही.

पानं अचानक शेपूसारखी बारीक, दोऱ्यासारखी यायला लागली तर झाड फुलोऱ्यावर चाललंय. उष्णता, लांब दिवस आणि मुळांना बसलेला धक्का यानं हे घडतं, त्यामुळे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये जास्त. शेंडा खुडला तर थोडे दिवस लांबतं, टळत नाही. फुलू द्या आणि हिरवे धने चटणीत वाटा, वास मस्त येतो.

काढणी आणि पुढची पेरणी

कोरड्या दिवसांत वरून कापून पुन्हा फुटवा घेता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये कापलेल्या देठांची टोकं कुजतात आणि तिथून रोग खाली उतरतो, म्हणून या महिन्यांत बाजारातल्या जुडीसारखी मुळासकट उपटा. साधारण 35 ते 45 दिवसांत तयार होते. उजेड कमी असेल तर आठवडाभर जास्त. एकदम सगळे खोके पेरू नका, दर दहा-बारा दिवसांनी एक, म्हणजे एखादा गेला तरी दुसरा हाताशी राहतो.

ज्या खोक्यात रोपमर झाली त्यातली माती तशीच पुन्हा वापरू नका. पावसाळ्यात दुसरा मार्ग नसला तर पातळ पसरून त्यावर उकळतं पाणी ओता, निथळू द्या, गार झाल्यावर ट्रायकोडर्मा मिसळलेलं गांडूळखत घाला. खरा उपाय एप्रिल-मेमध्ये: माती ओली करून काळ्या पिशवीत नाही, तर पारदर्शक प्लास्टिकखाली गच्चीवर चार ते सहा आठवडे तापवायची, कडा विटांनी दाबून. त्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्या. पेरणीआधी त्यात खत मिसळा, कारण बुरशीबरोबर चांगले जिवाणूही बरेच गेलेले असतात.